निळ्या खडूच्या दोन खुणा

खालची खूण दीड सेंटिमीटरने खाली होती.

मी भिंतीला ठोकलेल्या स्टीलच्या टेपवर पुन्हा नजर टाकली, मग गुडघे जरा वाकवून डोळे खुणेच्या रेषेत आणता येतील असं स्टूल सरकवलं आणि तिसऱ्यांदा वाचलं. दोनशे साडेचव्वेचाळीस. पाच आठवडे हा आकडा दोनशे सेहेचाळीस होता. वरची खूणही दीड सेंटिमीटरने खाली आली होती, त्यामुळे वजाबाकी जुळत होती.

"काय मॅडम, किती निघालं?" प्रफुल्ल ठवकरने विचारलं.

"एकसष्ट."

"तेवढंच?"

"तेवढंच. नोव्हेंबरला होतं तेवढंच."

"म्हणजे म्हातारा टिकून राहिला म्हणायचा." त्याने बोटांवरचा निळा खडू चड्डीला पुसला आणि तो मैदानाकडे चालू लागला. डावी टाच तो किंचित उशिरा उचलत होता.

चौतीस वर्षांच्या माणसाची उंची एका आठवड्यात दीड सेंटिमीटरने कमी होत नाही. मी वहीत दोन्ही आकडे लिहिले, आणि सेल्वराज सरांच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे एकसष्ट. तारीख अकरा डिसेंबर, मंगळवार.

ती वही अजून माझ्याकडे आहे. आता मी मिरजेत फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना शिकवते, आणि मोजमाप कसं घ्यावं या तासाला दरवर्षी ती कपाटातून काढते, टेबलावर ठेवते आणि न उघडताच परत नेते.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. देशात पहिल्यांदाच बास्केटबॉलची व्यावसायिक लीग सुरू झाली होती, आठ शहरांचे आठ संघ. कोइमतूरच्या 'कोवई कॉमेट्स' संघाला फिजिओ हवी होती. संघाचे मालक सूतगिरणीवाले, सराव त्यांच्याच गिरणीच्या आवारातल्या हॉलमध्ये. कापडावर खुणा करायचा निळा खडूही गिरणीतूनच यायचा. तोच आम्ही उडी मोजायला वापरत होतो.

उडी मोजायची पद्धत साधी आहे. खेळाडूने बोटाला खडू लावायचा, भिंतीला कूस लावून उभं राहायचं, टाचा जमिनीला टेकलेल्या ठेवून हात जितका वर जाईल तितका ताणायचा आणि भिंतीला बोट लावायचं. ती खालची खूण. मग जागेवरून उडी मारून जिथे बोट लागेल ती वरची. दोन्हींमधलं अंतर म्हणजे उडी. यात गफलत करायला एकच जागा आहे: उभं असताना खांदा पूर्ण वर नेला नाही, तर खालची खूण खाली उमटते आणि उडी आहे त्याहून मोठी दिसते. म्हणून मोजणाऱ्याने प्रत्येक वेळी, प्रत्येकाला, खांदा वर घ्यायला सांगायचं असतं. मी इतरांना ते इंग्रजीत सांगायचे. प्रफुल्लला मराठीत सांगायचे, "खांदा वर."

अकरा डिसेंबरला मी ते सांगायला विसरले. बारा जणांचं मोजून झालं होतं, कॅप्टन नेहमी शेवटी यायचा, आणि सतरा वर्षं खेळलेल्या माणसाला काय सांगायचं असं कुठेतरी वाटलं असेल. विसरणं चूक होती, पण चूक दुरुस्त करता येत होती. त्याला परत बोलवून पुन्हा मोजायला एक मिनिटही लागलं नसतं. मी बोलावलं नाही.

संघाचे प्रशिक्षक सेल्वराज सर मोजक्या शब्दांचे होते. त्यांचा नियम हंगामाच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांना वाचून दाखवला होता. नोव्हेंबरच्या आपल्याच आकड्यापेक्षा ज्याची उडी पाच सेंटिमीटरहून जास्त घसरेल, त्याचं नाव यादीतून जाईल, राखीव खेळाडू त्याच्या जागी येईल आणि तो उपचाराला घरी जाईल. आदल्या वर्षी दुसऱ्या एका संघात त्यांच्या हाताखालच्या मुलाने दुखणं लपवून गुडघा घालवला होता. नियमाच्या कागदावर पहिली सही प्रफुल्लची होती.

"उडी खोटं बोलत नाही," सर म्हणाले होते.

त्यांच्या तक्त्यात प्रत्येकासाठी एकच रकाना होता, वजाबाकीचा. दोन्ही खुणा फक्त माझ्या वहीत असायच्या.

*

संघात सहा तमिळ, तीन मल्याळी, दोन पंजाबी, एक सर्बियन आणि एक नागपूरकर होता. मुलं सभ्य होती. मी हॉलमध्ये शिरले की बोलणं थांबायचं, कुणीतरी खुर्ची पुढे करायचं, आणि मी बाहेर पडले की हशा पुन्हा सुरू व्हायचा. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची खिडकी माझी. शेजारची जागा माझ्या पिशवीसाठी मोकळी ठेवत. पिशवी छोटी होती.

मी नोकरदार बायकांच्या वसतिगृहात राहायचे. ते नन चालवत होत्या. सात वाजता जेवण, साडेसातला प्रार्थना, आठला फाटक बंद. माझ्या खोलीत दुसरी खाट होती, पण तिच्यावर कुणी आलं नाही. रविवारी आईचा फोन यायचा. तो जेवलीस का इथून सुरू होऊन बहुतेक वेळा तिथेच संपायचा. आठवड्याचे बाकीचे दिवस मी इंग्रजीत नोंदी करायचे, इंग्रजीत सूचना द्यायचे आणि दुकानात बोटाने दाखवून वस्तू घ्यायचे. आपण दिवसाकाठी किती शब्द बोलतो ते एकदा मोजलं होतं. तो आकडा मी वहीत लिहिला नाही.

प्रफुल्लशी मात्र मराठीत बोलता यायचं. तो बसमध्ये माझ्यासमोरच्या बाजूच्या सीटवर, पाय वाटेत पसरून बसायचा.

"तुमच्या मिरजेत पोह्यावर काय घालता?"

"खोबरं. कोथिंबीर."

"आणि तर्री?"

"नाही."

"काहीच रस्सा नाही?"

"नाही."

"मग त्याला पोहे काहून म्हणता? ओले चुरमुरे म्हणा ना सरळ."

"चुरमुरे वेगळे. ते आम्ही भडंगाला वापरतो."

"भडंग," तो चव घेतल्यासारखा म्हणाला. "एकदा आणा बावा तुमचं भडंग. पाहू तरी तुम्हा लोकांना तिखट समजते का."

मी आईला सांगून भडंग मागवलं. पार्सलला नऊ दिवस लागले. त्याने अर्धं पाकीट बसमध्ये एकट्याने संपवलं आणि तोंड पुसत म्हणाला, "ठीक आहे. गोड आहे जरासं."

मला हसू आलं आणि मागच्या सीटवरचा जोबिन मान वर करून बघायला लागला. जोबिन संघातला दुसरा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ मांडणारा. त्याने मला हसताना तोवर पाहिलं नव्हतं.

*

सव्वीस डिसेंबरला प्रफुल्ल माझ्या टेबलावर पालथा झोपला, पावलं कडेबाहेर सोडून. "जरा मालिश करून द्या. थंडीनं आखडून राहिलं सकाळी."

कोइमतूरला थंडी नव्हती. मी डाव्या टाचेला पोटरीशी जोडणाऱ्या शिरेवरून बोट फिरवलं. टाचेपासून चार सेंटिमीटरवर ती उजवीपेक्षा जवळजवळ दुप्पट जाड लागत होती.

"दुखतं?"

"नाही."

मी ती जागा चिमटीत धरली. त्याच्या पायाची बोटं आत वळली.

"बोटं काही वेगळं सांगतायत."

"बोटांना शिस्त नाही राहिली आजकाल."

मी त्याला उभं केलं. एका पायावर उभं राहून टाच वर करायची, जमेल तितक्या वेळा. उजव्या पायावर त्याने पंचवीस केल्या आणि मी थांबवलं. डाव्यावर आठ. आठव्याला त्याने भिंत धरली.

"ही तुटू शकते," मी म्हणाले.

"कधी?"

"ते सांगता येत नाही. उद्या, किंवा तुटणारही नाही."

"आमच्या गल्लीतला वायरमनपण असंच सांगते. जळेल म्हणते एक दिवस, पण कधी ते विचारू नका."

"मी गंमत करत नाहीये. पूर्ण तुटली तर शस्त्रक्रिया, आणि त्यानंतरही तुम्ही नीट धावाल याची खात्री नाही. बसच्या पायऱ्या चढतानासुद्धा लक्षात राहील."

तो बूट घालत होता. डाव्या बुटाची नाडी त्याने सैल बांधली.

"सेल्वराज सरांना सांगायला हवं," मी म्हणाले.

"सांगा ना," प्रफुल्ल म्हणाला आणि गेला.

सांगू नका म्हणाला असता, तर कदाचित मी त्याच दिवशी सांगितलं असतं.

मी त्याला बुटात घालायला टाचेखालची पाचर करून दिली. बर्फ, व्यायाम, सरावात एक दिवसाआड सुट्टी. सरांना सांगितलं की वय आहे, भार कमी ठेवू. त्यात खोटं काही नव्हतं. रात्री वहीच्या शेवटच्या पानावर मी न सांगण्याची कारणं मांडली. सवय होती, कुठलाही निर्णय घेण्याआधी मी तसंच करायचे. एक, शीर या प्रकारच्या दुखण्यात बहुतेकदा तुटत नाही. दोन, संघ तिसऱ्या क्रमांकावर आहे आणि त्याच्यावाचून खेळ बसतो. तीन, त्याचा हा शेवटचा हंगाम, पुढे अशी लीग त्याला मिळणार नाही. चार, निर्णय त्याचा आहे, माझा नाही. पुढे मी पाच असा आकडा घातला, त्याच्यापुढे टिंब दिलं आणि पेन ठेवून दिलं.

दर मंगळवारी तो भिंतीपाशी उभा राहायचा. मी तोंड उघडायचे. त्याचं बोट भिंतीला लागायचं, आणि क्षण निघून जायचा. एक जानेवारीला खालची खूण दोनशे चव्वेचाळीस होती. पंधराला दोनशे त्रेचाळीस. पाच फेब्रुवारीला दोनशे एक्केचाळीस. तक्त्यात मी लिहिलं एकोणसाठ, आणि सर म्हणाले, "या वयात फक्त दोनने घसरला. बाकीच्यांनी शिकावं."

माझ्या वहीप्रमाणे तो सातने घसरला होता. हे समजायला वहीची गरज नव्हती. खेळताना तो आता उडी मारतच नव्हता. जिथे पूर्वी उडी होती तिथे पास होता, आणि पास इतका सुरेख होता की लोक त्यालाच टाळ्या वाजवत.

*

साखळीतला शेवटचा सामना चेन्नईत झाला. तो जिंकून आम्ही उपांत्य फेरीत गेलो. दुसऱ्या दिवशी, रविवारी, परतताना दुपारी तीनच्या सुमारास बस सेलमच्या पुढे एका चहाच्या टपरीपाशी थांबली. मुलं आत भज्यांवर तुटून पडली. मी बाहेर बाकावर बसले. प्रफुल्ल बसच्या पायऱ्या उतरत होता. प्रत्येक पायरीवर आधी उजवा पाय, मग डावा त्याच्या शेजारी, लहान मूल उतरतं तसा. कुणी बघत नाही असं त्याला वाटत असावं. मग मी दिसले आणि शेवटची पायरी तो सरळ उतरला.

दोन चहा घेऊन तो माझ्या बाजूला बसला.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा."

"खांदा वर, खांदा वर. हे म्हणायचं तुम्ही कधी बंद केलं, तारीख सांगू?"

मी ग्लास बाकावर ठेवला.

"अकरा डिसेंबर," तो म्हणाला. "मंगळवार होता."

"तुमच्या लक्षात आलं होतं."

"सतरा वर्षं लोक सांगून राहिले ना मला, खांदा वर. शाळेतले सर, पोलिसांच्या संघातले, सगळे. एक दिवस कोणी बोललं नाही तर कळते. त्या दिवशी टाच दुखून राहिली होती, हात थोडा खालीच राहिला. म्हटलं आता बाई बोलेल. तुम्ही बोलल्या नाही." त्याने चहाचा घोट घेतला. "पुढच्या मंगळवारी जरा जास्त खाली ठेवला. म्हटलं आता तरी बोलेल."

"तुम्ही मला दाखवत होतात."

"दाखवत होतो का लपवत होतो, माझं मलाच नाही समजलं. दोन्ही असेल. तुम्ही दोन्ही आकडे लिहिता, हे मला माहीत होतं."

"तुम्हीच सांगायचं होतं सरांना."

"हो न," तो म्हणाला. "पण नाही होत ना. मी लय वेळा गेलो त्यांच्या खोलीपर्यंत. दार वाजवलं की ते विचारतात, काय कॅप, आणि माझ्या तोंडून निघते, सर, उद्याची प्रॅक्टिस किती वाजता."

टपरीवाला भज्यांचा दुसरा घाणा काढत होता. आत कुणीतरी जोबिनच्या बशीतलं भजं पळवलं आणि त्यावरून गलका सुरू होता.

"सुरुवातीला वाटलं, बाई आपल्यावर उपकार करून राहिली," प्रफुल्ल म्हणाला. "मग विचार केला, आपण हिचे कोण? हिनं काहून आपली नोकरी धोक्यात घालावी? इतकी टापटीप बाई. टेप तीनदा वाचते. मग काहून?"

मी त्याला पहिली चार कारणं सांगू शकले असते. पाठ होती.

"चहा निवतोय," मी म्हणाले.

त्याने मान डोलावली. नाराज झाला नाही. ग्लास संपवून तो रस्त्यापलीकडच्या ताडांकडे बघत राहिला.

"परवा मंगळवार," तो म्हणाला. "सकाळी मोजणी, संध्याकाळी मॅच. तुम्ही म्हटलं, तर मी करीन खांदा वर. पूर्ण करीन. नाही म्हटलं, तर नाही करणार. आपणहून नाही होणार माझ्याच्यानं, हे आता समजलं मला."

"हे माझ्यावर ढकलताय तुम्ही."

"हो," तो म्हणाला. "अकरा डिसेंबरपासून ढकलून राहिलो."

बसने हॉर्न दिला. माझ्यासमोर तो पायऱ्या एकेक करून, दोन्ही पाय जोडून चढला. या वेळी लपवलं नाही.

*

सोमवारी संध्याकाळी वसतिगृहात मी जेवणानंतर खोलीत बसून वहीचं शेवटचं पान उघडलं. खालच्या मजल्यावर प्रार्थना चालू होती. समोरच्या रिकाम्या खाटेवर गादीची गुंडाळी होती, तशीच, नोव्हेंबरपासून.

मी हिशोब केला. नाव यादीतून गेलं की तो त्याच संध्याकाळी घरी जायला निघणार, नियम तसा होता. अंतिम फेरी झाली तर माझे अजून अकरा दिवस, आणि मालकांनी पुढच्या हंगामासाठी आधीच करार पुढे केला होता. म्हणजे आणखी एक वर्ष. त्या वर्षात बसमध्ये समोरच्या सीटवर दुसरं कुणीतरी पाय पसरणार, किंवा कुणीच नाही.

पाचच्या आकड्यापुढे टिंब तसंच होतं. मी लिहिलं: तो गेला तर इथे माझ्याशी बोलणारं कुणी नाही.

वाचून पाहिलं. बाकीच्या चार कारणांपेक्षा हे वाक्य लहान होतं. दोन महिने मी एका माणसाची शीर, त्याच्या जन्माची चाल, या एका ओळीसाठी पणाला लावली होती. एकाही मोजमापात मी स्वतःला धरलं नव्हतं.

मी पहिली चार कारणं खोडली नाहीत. ती खरी होती. फक्त त्यांच्यामुळे मी गप्प राहिले नव्हते.

*

बारा फेब्रुवारीला सकाळी साडेसहाला हॉल उघडला. मी ओल्या फडक्याने भिंतीवर खुणांसाठी रंगवलेला काळा पट्टा पुसला आणि तो वाळेपर्यंत थांबले. उपांत्य सामना म्हणून सेल्वराज सर स्वतः तक्ता घेऊन माझ्या शेजारी उभे राहिले होते. एरवी ते कधी येत नसत.

मुलं एकेक करून आली. जोबिनची उडी तीनने वाढली होती, त्याच्या पाठीवर थापा पडल्या. सर्बियन मिलोशने उडी मारल्यावर नेहमीप्रमाणे खडू नाकाला लावला आणि दोघं-तिघं हसले. बारा आकडे तक्त्यात गेले.

"कॅप," सर म्हणाले.

प्रफुल्ल आला. खडूच्या तुकड्यावर त्याने बोट दोनदा फिरवलं, भिंतीला कूस लावली, टाचा टेकवल्या. तो दाढी करून आणि ठेवणीतली, इस्त्रीची जर्सी घालून आल्याचं माझ्या तेव्हा लक्षात आलं. मोजणीला कुणी जर्सी घालत नसे. त्याने हात वर केला. कोपर किंचित वाकलेलं, खांदा खाली. माझ्या अंदाजाने दोनशे चाळीस.

पण त्याने बोट भिंतीला लावलं नाही. भिंतीपासून दोन बोटं अंतरावर हात थांबवला आणि तो समोर, हॉलच्या दुसऱ्या टोकाकडे बघत राहिला.

मी वही उघडली होती. तारीख लिहून झाली होती. त्याच्या नावापुढच्या दोन्ही जागा मोकळ्या होत्या.

"काही अडचण आहे?" सरांनी मला विचारलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणाले.

प्रफुल्लचा हात हवेत होता. त्याने तो खाली घेतला नाही, भिंतीला लावलाही नाही. बोटाच्या टोकावरून निळ्या खडूची थोडी पूड त्याच्या बाहीवर पडली. मुलं आपापल्या बाटल्या शोधत होती. कुणीतरी चेंडू आपटायला सुरुवात केली, आणि मग थांबवलं.

सरांना मराठी येत नव्हतं. त्या हॉलमध्ये मी काय म्हणणार आहे, ते समजणारा एकच माणूस होता.

"खांदा वर," मी म्हणाले.